नवा पैसा कुणाच्या नावावर?

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडं रोख ठेवावा लागतो तो, सगळ्यांच्या तोंडी बसलेला सीआरआर, चार टक्क्यांवरून तीनवर आणण्याचं जाहीर केलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पाव-पाव टक्क्याच्या चार टप्प्यांत तो उतरला. त्यातून बँकांकडचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं होतं. तेव्हापासून सांगलीत चार व्यापारी, बँकवाले आणि कॉमर्सचे प्राध्यापक एकत्र आले की हा विषय निघतो आणि दर वेळी आडवाटेला लागतो. एक बाजू पाठ्यपुस्तकातलं सूत्र मांडते: तीन टक्के राखीव म्हणजे एका रुपयाचे तेहतीस, तेव्हा अडीच लाख कोटींचे ऐंशी लाख कोटींच्या वर होणार आणि महागाई गगनाला भिडणार. दुसरी बाजू संतापून सांगते की बँका हवेतून पैसा काढतात, ही कायद्यानं चालवलेली फसवणूक आहे, त्यांना शंभर टक्के राखीव ठेवायला लावा. आणि निवृत्त बँक अधिकारी दोघांनाही गप्प करायला म्हणतात, बँक कसला पैसा निर्माण करते, ठेवीदाराचा घेते आणि कर्जदाराला देते.

तिन्ही म्हणण्यांत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. बँक कर्ज देते तेव्हा नवा पैसा जन्माला येतो, हे निःसंशय खरं. तो किती यावा हे आजच्या भारतात सीआरआर ठरवत नाही. आणि तो येतो यात फसवणूकही नाही. समाजानं परवाना देऊन बँकांच्या हाती सोपवलेला तो अधिकार आहे. म्हणूनच भांडायचं असेल तर हा नवा पैसा कुणाच्या नावावर आणि कशासाठी निघतो यावर भांडलं पाहिजे. टक्क्याच्या वादात नेमकं तेवढंच राहून जातं.

आधी व्यवहार जवळून पाहू. तासगाव तालुक्यातला एक बागायतदार बेदाणा शेडसाठी दहा लाखांचं कर्ज मागतो. सात-बारावर बोजा चढतो, जामीनदारांच्या सह्या होतात, कोटेशन जोडलं जातं, कर्ज मंजूर होतं. बँकेच्या वहीत एका बाजूला दहा लाखांचं येणं लिहिलं जातं, दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यावर दहा लाख जमा होतात. त्या दिवशी शाखेतल्या कोणत्या ठेवीदाराच्या पासबुकातून एक रुपया तरी कमी झाला का? नाही. कुणाची मुदत ठेव मोडली का? तीही नाही. सकाळी देशात जेवढ्या ठेवी होत्या त्यापेक्षा संध्याकाळी दहा लाखांनी जास्त आहेत. मग कुपवाड एमआयडीसीतल्या अँगल आणि जाळी पुरवणाऱ्याला आरटीजीएस होतं. त्याचं खातं दुसऱ्या बँकेत असतं, म्हणून पहिल्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून तेवढी रक्कम दुसऱ्या बँकेच्या खात्यात जाते. ठेव एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेली, पण नाहीशी झाली नाही. ती नाहीशी होईल बागायतदार बेदाणा विकून हप्ता भरेल तेव्हा. त्याच्या खात्यातली शिल्लक कमी होईल, कर्जाची बाकी कमी होईल, आणि तेवढा पैसा व्यवस्थेतूनच पुसला जाईल. बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ साली हे अधिकृतपणे लिहून टाकलं: ठेवी जमवून कर्ज दिलं जात नाही, कर्ज दिल्यानं ठेव तयार होते.

मग इतके अनुभवी लोक उलटं का सांगतात? मला वाटतं, आपल्याकडच्या पतसंस्थांमुळे. सांगली-साताऱ्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि निम्म्या लोकांची सहकाराशी पहिली ओळख तिथंच होते. पतसंस्थेचं चक्र खरोखरच तसं चालतं. तिथली ठेव दाखवून तुम्ही दुकानदाराचं बिल भागवू शकत नाही. संस्थेला कर्ज द्यायचं तर तिच्या जिल्हा बँकेतल्या किंवा दुसऱ्या एखाद्या बँकेतल्या खात्यावर आधी पैसा असावा लागतो. तिथून चेक फाटतो. म्हणजे पतसंस्था असलेला पैसा फिरवते. बँकेची गोष्ट वेगळी, कारण बँकेतली ठेव हाच पैसा म्हणून बाजारात चालतो. दोन्हीकडे काउंटर, पासबुक आणि कर्जाचा अर्ज सारखाच दिसतो, म्हणून हा फरक नजरेतून सुटतो.

आता सीआरआरकडे वळू. वरच्या दहा लाखांच्या ठेवीवर आता तीस हजार रुपये राखीव लागतात, आधी चाळीस हजार लागत होते. हे तीस हजार बँकेनं कर्ज देण्यापूर्वी बाजूला काढून ठेवलेले असतात असा समज आहे. प्रत्यक्षात सीआरआरचा हिशोब दोन पंधरवडे आधीच्या ठेवींवर आणि पंधरवड्याच्या सरासरीनं होतो. कर्ज आधी दिलं जातं, ठेव तयार होते, राखीव रकमेची जुळवाजुळव त्यानंतर. सगळ्या बँका मिळून ती कमी पडली तर? रिझर्व्ह बँक ती पुरवते, तिला पुरवावीच लागते. तिनं रेपो दर, म्हणजे बँकांना थोड्या मुदतीसाठी उसने देण्याचा व्याजदर, जाहीर केलेला असतो. बँकांना आपसातल्या उसनवारीत रक्कम मिळेनाशी झाली तर तिथला दर रेपोच्या कितीतरी वर उसळेल आणि जाहीर केलेल्या धोरणाला अर्थ उरणार नाही. म्हणून ती दर सांभाळते आणि रक्कम लागेल तशी सोडते. तेहतीस पटीचं सूत्र इथंच कोसळतं, कारण ते गृहीत धरतं की राखीव रक्कम ठरलेली आहे आणि बँका तिच्यावर मजले चढवत जातात.

आकडेही हेच सांगतात. सीआरआर चार टक्के होता तेव्हा सूत्राप्रमाणे पैसा मूळ चलनाच्या (रिझर्व्ह बँकेनं काढलेली रोकड आणि बँकांची तिच्याकडची शिल्लक) पंचवीस पट हवा होता. भारतात तो प्रत्यक्षात पाच ते सहा पट आहे. याचं एक कारण म्हणजे पस्तीस लाख कोटींहून जास्त रोकड लोकांच्या हातात फिरते, ती बँकेत परत येऊन राखीव बनत नाही. अमेरिकेनं मार्च २०२० मध्ये राखीव प्रमाण थेट शून्यावर आणलं. सूत्र खरं असेल तर तिथं अमर्याद पैसा निर्माण व्हायला हवा होता. कॅनडात तर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून असं बंधन नाही आणि तिथल्या बँका शिस्तशीर म्हणून ओळखल्या जातात. उलट बाजूनं बघा: २००८ च्या संकटानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं मूळ चलन एक लाख कोटी डॉलरच्या आतून चार लाख कोटींच्या घरात नेलं, तरी बँकांची कर्जं काही चौपट झाली नाहीत.

आपल्याकडचा पुरावा याहून ठळक आहे आणि तो आपण सगळ्यांनी अंगावर घेतलेला आहे. नोटाबंदीत १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या आणि त्यातल्या १५.३१ लाख कोटींच्या परत बँकेत आल्या. (जिल्हा मध्यवर्ती बँकांना १४ नोव्हेंबरपासून त्या घ्यायला मनाई झाली आणि ज्या शेतकऱ्याचा सगळा व्यवहार जिल्हा बँकेशी, तो उसाच्या हंगामात वाऱ्यावर सोडला गेला, हे सांगली-सातारा विसरलेला नाही.) ठेवीतून कर्ज निघतं हे खरं असतं तर त्या वर्षी कर्जाचा नुसता पूर यायला हवा होता. झालं उलट. २०१६-१७ मध्ये बँक कर्जाची वाढ कित्येक दशकांच्या नीचांकावर गेली. बँकांत ठेवींचे ढीग होते, पण घेणारा धास्तावलेला होता आणि देणारा जुन्या बुडीत कर्जांखाली दबलेला.

सीआरआरला काहीच महत्त्व नाही, असं मात्र मी म्हणणार नाही, आणि सूत्रवाल्यांचा हा मुद्दा मला मान्य केलाच पाहिजे. १९९० च्या सुमारास सीआरआर १५ टक्के आणि सरकारी रोख्यांत गुंतवायचा एसएलआर ३८.५ टक्के होता. शंभर रुपयांच्या ठेवीतले त्रेपन्न आधीच बांधलेले. त्या काळात कर्जाला मर्यादा होती आणि ती राखीव प्रमाणांनीच घातली होती. १९९१ च्या नरसिंहम समितीनं ती खाली आणायला सांगितली ती योग्यच. नोटाबंदीच्या वेळी आलेला ठेवींचा लोंढा शोषून घ्यायलाही रिझर्व्ह बँकेनं हेच हत्यार काढलं. १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर २०१६ दरम्यान वाढलेल्या ठेवींवर तिनं शंभर टक्के जादा सीआरआर लावला आणि पंधरवड्याभरात उठवला. शिवाय सीआरआरच्या रकमेवर व्याज मिळत नाही, त्यामुळे तो उतरला की बँकेचा खर्च कमी होतो आणि कर्जाचा दर थोडा खाली येऊ शकतो. एवढा परिणाम खरा. पण खर्च कमी होणं वेगळं आणि तेहतीस पट पैसा वाहू लागणं वेगळं. तीन-चार टक्क्यांच्या पातळीवर एका टक्क्याचा फरक कर्जाची सीमा ठरवत नाही.

मग कोण ठरवतं? बँकेचं स्वतःचं भांडवल आणि समोर परतफेड करू शकणारा कर्जदार. याचा दाखला सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांच्या दारात आहे. जिल्ह्याच्या पतपुरवठ्याचं नियोजन ज्या बँकेकडं असतं ती अग्रणी बँक: सांगलीची बँक ऑफ इंडिया आणि साताऱ्याची बँक ऑफ महाराष्ट्र. २०१७ मध्ये या दोन्ही बँका रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या सुधारणा चौकटीत अडकल्या, म्हणजे पीसीएत. एकूण अकरा सरकारी बँका तिथं होत्या. बुडीत कर्जांनी भांडवल खाल्लं होतं, म्हणून नवं कर्ज देताना हात आखडावा लागला. त्या सगळ्या काळात सीआरआर किती होता? चार टक्के, जागचा हलला नव्हता. त्यांना बाहेर काढलं ते सरकारनं ओतलेल्या भांडवलानं. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रानं सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींची भांडवल योजना जाहीर केली आणि जानेवारी २०१९ च्या शेवटी या दोन्ही बँका त्या चौकटीतून सुटल्या. अलीकडचं उदाहरण: नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण वैयक्तिक कर्जांवरचा जोखीम भार शंभरवरून एकशे पंचवीस टक्के केला, म्हणजे अशा प्रत्येक कर्जामागं जास्त भांडवल लागू केलं. सीआरआरला हात लावला नाही. तरी त्या कर्जांची धाव मंदावली. लगाम कुठं आहे हे यातून स्पष्ट व्हायला हरकत नाही.

निवृत्त बँकवाले यावर विचारतील, आणि त्यांचा प्रश्न सगळ्यांत वजनदार आहे: कर्जातून ठेवी आपोआप तयार होत असतील तर शाखाधिकाऱ्याला ठेवींचं टार्गेट कशाला? २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनीच ठेवी कर्जाच्या मागं पडताहेत असा इशारा दिला, तो उगाच? अजिबात नाही. एका बँकेच्या दृष्टीनं ठेवी म्हणजे श्वास आहे. तिनं निर्माण केलेला पैसा कुपवाडच्या पुरवठादाराबरोबर दुसऱ्या बँकेत गेला, की तो परत ओढायला तिला ठेवीदारापुढं जास्त व्याज ठेवावं लागतं. लहान नागरी सहकारी बँकेला तर हे फारच जाचक, कारण तिनं दिलेलं कर्ज बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच दारात जमा होतं. पण एका बँकेला जे लागू ते सगळ्या बँकांना मिळून लागू, असं धरणं ही तर्कातली जुनी चूक. लोक एसआयपीत पैसे घालतात म्हणून ठेवी आटल्या, असं त्या वर्षी सगळीकडं छापून आलं. म्युच्युअल फंडानं शेअर घेतला तर पैसे शेअर विकणाऱ्याच्या बँक खात्यातच जातात ना? ठेव एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, एवढंच. व्यवस्थेतून ठेव खरोखर बाहेर पडते ती लोकांनी रोकड घरी नेली की, आगाऊ कराच्या तारखांना पैसा सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात गेला की, किंवा रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेनं डॉलर विकून रुपये शोषले की. आणि कर्ज फेडलं की.

शंभर टक्के राखीववाल्यांना झटकून टाकणं मला मान्य नाही, कारण त्यांचा राग अनुभवातून आलाय. १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंधांखाली आली आणि महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. त्या चार आठवड्यांत ज्यांची पेन्शन तिथं अडकली त्यांना विचारा. डॉ. आंबेडकरांनीही १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढं चलनाचा पुरवठा पक्का मर्यादित असावा, व्यवस्थापकाच्या मर्जीवर नसावा, अशी भूमिका घेतली होती. तिचा धाक आजही हवा. मात्र तो वाद सरकारनं पाडलेल्या रुपयांचा आणि काढलेल्या नोटांचा होता, बँकेच्या कर्जाचा नव्हता. आणि युनायटेड वेस्टर्न राखीव रोकड कमी पडून गेली नाही, तिचं भांडवल बुडीत कर्जांत गेलं. शंभर टक्क्यांचा प्रयोग इतिहासात झालेला आहे. १६०९ साली स्थापन झालेली अ‍ॅमस्टरडॅमची बँक प्रत्येक ठेवीमागं पूर्ण धातू असल्याचं सांगत असे, आतून ती डच ईस्ट इंडिया कंपनीला उसने देत होती, आणि १७९० च्या दशकात ते उघड झाल्यावर तिची पत संपली. नियम होता, पण बाहेरच्या कुणाला तिजोरीत बघता येत नव्हतं. स्वित्झर्लंडनं तर जून २०१८ मध्ये हाच प्रश्न मतदानाला टाकला. चारातल्या तिघांनी नकार दिला.

शिवाय पैसा ताठ बांधून ठेवला की काय होतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलंय. १९३५ पूर्वी रिझर्व्ह बँक नव्हती, चलन हंगामाप्रमाणं फुगत-आकसत नव्हतं. पीक बाजारात यायच्या दिवसांत पैशाची चणचण व्हायची, बँकांचे व्याजदर चढायचे आणि त्याचा भुर्दंड अखेर माल विकणाऱ्या शेतकऱ्यावर पडायचा. म्हणून १९२० च्या दशकात सरकारला व्यापारी हुंड्यांच्या तारणावर इम्पीरियल बँकेमार्फत आणीबाणीचं चलन सोडण्याची तरतूद करावी लागली. सांगलीच्या पेठेत हळदीची आवक सुरू झाली, अडत्याला शेतकऱ्याची पट्टी भागवायची आहे, बेदाणा कोल्ड स्टोअरेजला लागला आणि पावतीवर उचल हवी आहे, साखर कारखान्याला एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) देण्यासाठी गोदामातल्या साखरेवर माल तारण हवं आहे. हे सगळं एकाच तिमाहीत येतं आणि माल विकला की फिटतं. कर्जातून निर्माण होणारा आणि फेडीबरोबर पुसला जाणारा पैसा नसेल तर हा हंगाम कशावर चालायचा?

पण इथंच खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो तिन्ही बाजूंना विचारावासा वाटत नाही. दहा लाखांचं कर्ज बेदाणा शेडसाठी निघालं तर नव्या पैशाबरोबर पुढच्या हंगामात नवा मालही बाजारात येतो. तेच दहा लाख सांगलीच्या विश्रामबागेत आधीच असलेला प्लॉट एकाकडून दुसऱ्यानं घ्यायला निघाले, तर माल तेवढाच राहतो, फक्त प्लॉटचा भाव चढतो आणि पुढच्या माणसाला अकरा लाख काढावे लागतात. सोनेतारणाचंही तसंच: भाव वाढला की त्याच पाटल्यांवर जास्त कर्ज मिळतं, आणि जिल्ह्यात कुठंही एक विहीर वाढलेली नसते. महागाईची भीती ज्यांना आहे त्यांनी पैसा किती निघाला यापेक्षा कशासाठी निघाला हे आधी पाहावं. सीआरआर हे दोन प्रकार ओळखू शकत नाही. जोखीम भार काही प्रमाणात ओळखतो. शेती, लघुउद्योग यांसारख्या अग्रक्रम क्षेत्राचं बंधन त्याहून जास्त: बँकेच्या कर्जातला ४० टक्के हिस्सा अग्रक्रमाला आणि त्यात १८ टक्के शेतीला. बाजारवादी याला बँकांच्या कामात ढवळाढवळ म्हणतात. ज्यांना समाजानं पैसा निर्माण करण्याचा परवाना दिला त्यांच्यावर समाजानं अट घालू नये, हे कुठलं शास्त्र?

ही अट जिल्ह्यापर्यंत आणण्याचा विचार आपल्याच माणसानं मांडला. १९६९ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटानं प्रत्येक भागाचा पतपुरवठा त्या भागाच्या गरजेवरून आखावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. आजही तिच्याखाली दर वर्षी जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा होतो, बँकर्स समितीची बैठक होते, पीक कर्जाचं उद्दिष्ट किती टक्के साध्य झालं ते वर्तमानपत्रात येतं. त्या टक्क्यात काय दडलंय ते जत-आटपाडीपासून कोरेगावपर्यंत कुणाही शेतकऱ्याला माहीत आहे. मार्चअखेर तो चार दिवसांसाठी कुणाकडून तरी व्याजानं पैसे उचलतो, जुनं कर्ज भरतो, लगेच तेवढंच नवं कर्ज काढतो आणि उसने परत करतो. याला नवं-जुनं म्हणतात. बँकेच्या वहीत वसुलीही झाली आणि वाटपही झालं. पैशाच्या हिशोबानं मात्र जेवढा पुसला गेला तेवढाच पुन्हा लिहिला गेला. शेतात एक रुपयाही नव्यानं आला नाही, उलट चार दिवसांचं व्याज खिशातून गेलं. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी पोचलेल्या गावांत ठिबक, शेततळं, प्रतवारी आणि साठवण यांसाठी किती मुदत कर्ज निघालं आणि पीक कर्जाच्या वाटपात नवं-जुनं किती, हे दोन रकाने त्या आराखड्यात वेगळे छापले जात नाहीत. सांगली आणि सातारा दोन्हीकडच्या बँकर्स समित्यांनी येत्या वर्षापासून ते वेगळे छापावेत, तालुकावार छापावेत, आणि आमदार-खासदारांनी त्या बैठकीत सीआरआरवर भाषण करण्याऐवजी हे दोन रकाने मागावेत.